वांगं सुसाट सुटलं

वरणगावच्या कारखान्यात हयातभर फिटरकी करून अभिमननाना निवृत्त झाले आणि जळगावात घर बांधून राहिले, तेव्हा लोकांना वाटलं, आता हे देवळात जातील, नातवंडांची वाट बघतील, फार तर सोसायटीच्या पाण्याच्या मोटारीवरून भांडतील. नानांनी यातलं काहीच केलं नाही. त्यांनी झोपून चालवायची सायकल बनवायला घेतली.

कारण अगदी साधं होतं. जन्मभर सायकलीवर कामाला जाऊन नानांच्या मणक्याची वाट लागली होती. डॉक्टरांनी बजावलं की यापुढे वाकून सायकल चालवायची नाही. "वाकून नाही ना?" एवढंच नानांनी विचारून घेतलं. डॉक्टर हो म्हणाले आणि तिथेच फसले. नानांनी भंगारातल्या दोन सायकली आणल्या, कापल्या, जोडल्या आणि एक लांबोडकं यंत्र उभं केलं. उभं कसलं, आडवंच. सगळ्यात पुढे पेडल, मागे पाठ टेकायला जळगावच्याच प्लास्टिकच्या चटईची झोळी, आणि मधून धावणारी अडीच सायकलींच्या लांबीची साखळी. माणसाने उताणं पडायचं, पाय पुढे हवेत धरायचे आणि निघायचं. अंथरूण पाहून पाय पसरावे म्हणतात. नानांनी आधी पाय पसरले आणि मग अंथरुणालाच चाकं लावली.

"असंन माहा हरी तं देईन खाटल्यावरी," असं म्हणून त्यांच्या बायकोने, भिकुबाईंनी, कपाळाला हात लावला. पण नाना पहिल्यांदा कॉलनीच्या रस्त्यावरून पडल्यापडल्या फेरी मारून आले, तेव्हा त्यांच्या पाठीत एक कळ नव्हती आणि तोंडावर असं हसू होतं की भिकुबाईंनी पुढचं बोलणं गिळलं आणि चहा टाकला.

इथवर सगळं गोडीगुलाबीत चाललं होतं. मग एके सकाळी धुळ्याहून व्याही आले, तेही सायकलीवर.

व्याही म्हणजे हितेंद्रआबा. मूळचे शिंदखेड्याचे, आता धुळ्याला राहणारे, साठी ओलांडूनही काठीसारखे सडसडीत. नानांची एकुलती एक मुलगी दिपमाला त्यांच्या किरणला दिलेली. आबांनी कुठून तरी पिसासारखी हलकी शर्यतीची सायकल घेतली होती आणि ते धुळे ते जळगाव एका दमात मारून आले होते. अंगात घट्ट चट्टेरीपट्टेरी कपडे, डोक्यावर टरबुजाच्या फाकेसारखं हेल्मेट. व्याह्यांना त्या विजारीत पाहून भिकुबाई पदर तोंडात कोंबून स्वयंपाकघरात पळाल्या आणि बराच वेळ बाहेर आल्याच नाहीत.

आबांनी अंगणातलं यंत्र पाहिलं आणि ते खो खो हसले. "नाना, हाई काय शे? खाटलाले चाकं लायात का?"

"चालवून पाहा ना," नाना म्हणाले.

"मी कसाले चालाडू? चाला, दोन्ही जन जाऊत. दखू कोन पुढे जास!"

गेले. रस्ता सरळ होता, सकाळ रिकामी होती. नानांनी जीव खाऊन पेडल मारलं. खरं सांगायचं तर पुलाच्या चढापर्यंत ते बरोबरीने होते. पण तिथे आबा अंगावरून सुळ्ळकन पुढे गेले आणि मागे वळून त्यांनी प्रेमाने हात हलवला. त्या प्रेमाने हललेल्या हातानेच घात केला.

इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. आपल्याकडे मुलीचा बाप व्याह्याच्या एक पाऊल मागून चालतो. हे कुणी लिहून ठेवलेलं नाही आणि कुणाला शिकवावंही लागत नाही. लग्न ठरल्याच्या क्षणापासून बापाचे पाय आपोआप आखूड पडायला लागतात. गेल्या चार वर्षांत पंगतीत पहिलं पान आबांचं, फोटोत मधली जागा आबांची, गाडीत पुढची सीट आबांची, आणि पत्त्यांचा डाव नानांच्या हातात हुकूम असला तरी आबांचा. आबा काही दुष्ट नव्हते. उलट दिलदार, गडगडाटी माणूस. त्यांना फक्त पुढे असायची सवय होती आणि नानांना मागे राहायची. पण त्या सकाळी नाना मुद्दाम मागे राहिले नव्हते. ते खरोखर मागे पडले होते, आणि ते त्यांना अजिबात आवडलं नाही.

"एकदा," त्या संध्याकाळी ते युसूफभाईंना म्हणाले, "फक्त एकदा मले या मानसाच्या पुढी जायचं हाये. उघडउघड. दिवसाढवळ्या."

युसूफभाई म्हणजे नानांचा जुना दोस्त. रिक्षांचे हूड आणि गाद्या शिवायचं त्यांचं दुकान होतं. त्यांनी यंत्राभोवती दोन प्रदक्षिणा घातल्या, दाढी खाजवली आणि म्हणाले, "नाना, तुमचे पाय कमी नाहीत. हवा आडवी येते. आमचं एखादं हूड ढिलं राहिलं ना, तर रिक्षा पेट्रोल पिते नुसती. याला कपडे घालू आपण. पण टाईट. फडफड झाली की खेल खतम."

आणि मग दोन म्हाताऱ्यांना चेव आला. ठिबक सिंचनाच्या काळ्या नळीच्या कमानी वाकवल्या, त्यावर रेक्झिन ताणलं, पुढे बघायला रिक्षाच्या पावसाळी पडद्याचं पारदर्शक प्लास्टिक लावलं. आकार कसला द्यायचा, यावर चर्चाही झाली नाही. नानांनी उभी हयात काडतुसांच्या कारखान्यात काढली होती. वेगाने जाणारी वस्तू कशी दिसते ते त्यांना झोपेतही ठाऊक होतं: पुढे टोक, मागे सपाट. त्यांनी बंदुकीच्या गोळीसारखं हूड बनवलं आणि बाह्या सरसावून आत शिरले.

सायकल पहिल्यापेक्षा हळू चालली.

युसूफभाई स्कूटरवरून शेजारी चालत होते, त्यांच्या काट्यावर स्पष्ट दिसत होतं. नानांचा विश्वासच बसेना. त्यांनी स्कूटर दुरुस्त करायला सांगितली. युसूफभाईंनी स्कूटरचा अपमान सहन करून घेतला, पण खात्री करायची म्हणून भिकुबाईंकडून उरलेली लोकर मागून आणली आणि तिचे बोटबोटभर तुकडे हुडाला सगळीकडे चिकटवले. हवा जिथे गुपचूप सरकते तिथे लोकर अंगाला चिकटून राहील, जिथे भांडते तिथे नाचेल. पुन्हा फेरी झाली. पुढची लोकर शहाण्या मुलीसारखी निपचित, आणि मागे, सपाट बुडाजवळ, वरातीत नाचावी तशी बेभान नाचत होती.

"मागे लफडं आहे नाना!" युसूफभाई स्कूटरवरून ओरडले. "हवा मागे धरून ओढते तुम्हाला!"

नाना घरी आले ते तोंड पाडूनच. चंपाषष्ठी नुकतीच होऊन गेली होती, त्यामुळे घरात भरिताच्या वांग्यांचा ढीग पडला होता; हिरवी, पांढऱ्या रेघांची, लांबट, टम्म. भिकुबाई नळाखाली एकेक वांगं धूत होत्या. नाना नुसतेच बघत उभे राहिले. वांग्याची जाड बाजू वर होती. पाणी तिच्यावर पडलं, अंगाला लपेटून खाली उतरलं आणि देठापाशी एका सुतासारख्या धारेने सुटलं. ना शिंतोडे, ना आवाज. भिकुबाईंनी वांगं उलटं केलं. आता देठ वर, जाड बूड खाली. पाणी बुडाशी येऊन फाटलं, चारी दिशांना सांडलं, नानांच्या पायजम्यावर उडालं.

"थांब!" नाना ओरडले.

त्यांनी वांगं हिसकावलं. सुलटं धरलं, उलटं धरलं. मग दुसरं घेतलं. मग तिसरं. नळ धो धो वाहत होता आणि नाना लहान मुलासारखे खिदळत होते.

"आज भरीत व्हईन का नाई घरात?" भिकुबाईंनी विचारलं.

"अवो, उलटं बनवलं आमी! जाड तोंड पुढी पायजे अन् शेपूट निमुयतं! गोयी नाई, वांगं!" म्हणत नाना ते ओलं वांगं घेऊन तसेच युसूफभाईंच्या दुकानाकडे धावले. वाटेत ज्यांनी ज्यांनी पाहिलं त्यांनी ओळखीपाळखीत कळवलं की निवृत्तीनंतर माणसाचं असं होतं.

नवं हूड शिवायला युसूफभाईंनी दिवसरात्र एक केली. पुढे गोल गरगरीत तोंड, मागे लांबत लांबत जाऊन एका टोकाला मिटलेली शेपटी. दुकानात हिरवं रेक्झिन उरलं होतं तेच वापरलं, त्यामुळे तर शंकाच उरली नाही. पहिल्याच फेरीत युसूफभाईंना स्कूटरची मूठ पिळावी लागली आणि लोकरीचा एकही धागा हलला नाही. पण परत आले तेव्हा नाना आतून घामाने निथळत, लालबुंद होऊन, अर्धमेले बाहेर आले.

"भाजून निंघालो," ते एवढंच म्हणाले.

भिकुबाईंनी त्यांच्याकडे आणि त्या हिरव्या वस्तूकडे आळीपाळीने पाहिलं. "न टोचता भाजते का कोनी वांगं? फुटते ना ते."

मग पुढे हवा आत घ्यायला एक भोक आणि शेपटीच्या टोकाशी ती सोडायला एक भोक पडलं. आतला माणूस गार झाला, प्लास्टिकवर धरणारी वाफ गेली आणि वेग तर जरासा वाढलाच. युसूफभाई रस्त्यातच नाचले. एकच अडचण राहिली: हुडातून पाय खाली टेकत नव्हते. निघताना कुणी तरी धरून ढकलायचं आणि थांबताना कुणी तरी झेलायचं, नाहीतर वांगं गडगडलंच.

आता आबांना निरोप गेला. आबा आनंदाने तयार झाले. जागा ठरली पारोळ्याजवळची, म्हणजे दोन्ही गावांच्या मधली. नवा महामार्ग झाल्यावर जुन्या रस्त्याचा एक तुकडा तिथे नुसताच पडून होता, सरळ, रिकामा, शेवटी किंचित उताराचा.

आणि तेव्हा नानांची झोप उडाली.

कारण नातेवाइकांचे फोन सुरू झाले. जळगावच्या मावससासू म्हणाल्या, व्याह्याशी कुणी शर्यत लावतं का? रावेरचे साडू म्हणाले, लावली तर लावली, पण हरायचं कधी ते समजलं पाहिजे. भिकुबाई तर रोज रात्री दिवा मालवताना एकच सांगायच्या, "पोरीचं सासर हाये ते. तुमी पुढी जासान एक दिवस, अन् तिले ऐकावं लागंन वर्षभर." नाना कुशीवर वळायचे. त्यांना जिंकायचं होतं, अगदी दात ओठ खाऊन जिंकायचं होतं. आणि त्या जिंकण्याची किंमत दिपमालाने भरावी हे त्यांना स्वप्नातही नको होतं.

शेवटी दिपमालाचाच फोन आला. ती धुळ्याला औषधांच्या दुकानात बसायची आणि सासऱ्यांसारखंच मोठ्याने बोलायला शिकली होती.

"बाबा, जिंकलात तर जिंका, हरलात तर हरा. पण मुद्दाम हरलात तर मला कळेल. मी शेवटच्या टोकाला उभी राहणार आहे."

त्याने नानांचा घोर कमी होण्याऐवजी दुप्पट झाला.

शर्यतीच्या सकाळी आबा त्याच पट्ट्यापट्ट्यांच्या कपड्यांत हजर झाले. नानांनी रीतीप्रमाणे आधी व्याह्यांना टोपी, टॉवेल आणि नारळ दिला. आबांनी नारळ भिकुबाईंकडे परत दिला, टॉवेल खांद्यावर टाकला, आणि हुडाकडे पाहून त्यांचे डोळे विस्फारले.

"आरे द्येवा! हाई तं भरीतनं वांगं!"

"व्हय," नाना म्हणाले. "टोचेल हाये."

टॉवेल फडफडेल, काढून ठेवा, असं युसूफभाई कळवळून सांगणार होते. नानांनी त्यांचा हात दाबला. पण आबांनी तो आपणहून घडी करून सायकलीच्या पिशवीत कोंबला. मानही राहिला आणि वाराही लागला नाही. नाना आत शिरून आडवे झाले. युसूफभाईंनी शेपटी धरली. दुसऱ्या टोकाला दिपमाला, किरण आणि धुळ्याहून आलेली चार माणसं उभी होती; वांगं झेलायचं काम किरणकडे होतं. जावयाच्या हातात सासरा, असा उफराटा प्रसंग त्या रस्त्याने प्रथमच पाहिला असेल.

भिकुबाईंनी निशाणासारखा वर धरलेला पदर डोळे मिटून खाली केला आणि शर्यत सुटली.

सुरुवातीला आबा भर्रकन पुढे गेले. वांगं डुगडुगलं, लटपटलं, युसूफभाई मागून धावत ढकलत होते, त्यांची चप्पल निघाली, पाय अनवाणी झाला, आणि मग एकाएकी त्यांच्या हातातून शेपटी निसटली. आता नाना एकटे होते. पाय फिरत होते. आधी जड, मग मोकळे, मग इतके मोकळे की जणू कुणी मागून हळूच हात लावतंय. वाऱ्याचा आवाज नाहीसा झाला. बाजूची बाभळीची झाडं, कापसाची शेतं, एक आश्चर्याने थांबलेली म्हैस, सगळं सरकायला लागलं. प्लास्टिकमधून त्यांना आबांची पाठ दिसली. ती मोठी झाली, आणखी मोठी झाली, शेजारी आली, आणि गेली. नाना मोठ्याने ओरडले. काय ओरडले ते त्यांनाही कळलं नाही. साठ वर्षांच्या माणसाच्या पोटात असा आनंद शिल्लक असतो हेच त्यांना ठाऊक नव्हतं.

मग समोर दिपमाला दिसली. रस्त्याच्या कडेला छोटीशी, हात वर केलेली, सासरची माणसं भोवती घेऊन उभी.

आणि नानांचे पाय थांबले.

त्यांनी ठरवलं नव्हतं. चार वर्षांची सवय पायांत उतरलेली होती, ती आपोआप वर आली. येऊ दे व्याह्याला पुढे, जाऊ दे एक पाऊल. नाना श्वास धरून पडून राहिले आणि आबांची वाट बघू लागले.

पण वांगं थांबेना! नानांनीच त्याला घडवलं होतं, हवेने धरू नये म्हणून, कुठेही अडू नये म्हणून. ते पाय न हलवताही धावत राहिलं. मागच्या चाकातलं फ्रीव्हील, पेडल थांबलं की वाजतं तसं, टकटक, टकटक वाजू लागलं आणि पोकळ हुडात तो आवाज ढोलासारखा घुमला. मागून आबा येत होते, पण येतच होते. ब्रेक नानांच्या बोटाखाली होता. त्यांनी बोट ठेवलंही. दाबावं की नाही, हा प्रश्न त्यांच्या पुऱ्या आयुष्याएवढा मोठा होऊन बसला. पाय थांबवणं ही रीत झाली, पण ब्रेक दाबणं म्हणजे युसूफभाईंच्या प्रत्येक टाक्यावर थुंकल्यासारखं झालं असतं. त्यांनी बोट काढून घेतलं. वांगं टकटकत, झोकात, दिपमालाच्या समोरून पार झालं आणि किरणने धावत जाऊन सासऱ्याला झेललं.

आबा मागोमाग पोचले. कुणीच टाळ्या वाजवल्या नाहीत.

"बाबा," दिपमाला म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि आवाजात राग. "टकटक ऐकली मी. पाय थांबवले तुम्ही."

नानांनी हूड उघडलं आणि मान खाली घातली. आता आबांच्या तोंडाचा पट्टा सुटणार, हे त्यांनी गृहीत धरलं. आबांनी सायकल आडवी टाकली, धापा टाकत आले आणि नानांसमोर रस्त्यावर चक्क मांडी घालून बसले.

"मी बी ऐकी," ते म्हणाले. आवाज नेहमीसारखा गडगडाटी नव्हता. "नाना, लगीनथून आजलोंग पंगतमा पह्यलं पान मनं. फोटोमा मधली जागा मनी. पत्तासना डाव बी मना. माले काय कळत नही का, हुकूम तुम्हना हातमा व्हता ते?" त्यांनी तोंड पुसलं. "चार वरीसमा मी एकदाव तरी मना जोरवर पुढे गऊ का नही, हाई माले तुम्ही कळूच दिन्हं नही. बठ्ठं, सगळंच्या सगळं दान दिन्हं माले. आज बी दान देवाले निंघनात."

नानांनी हुडावरचा लोकरीचा एक सुटलेला धागा बोटाने दाबून बसवला.

"माले एकदाव खरंखरं हारू द्या, भाऊ," आबा म्हणाले. "नही तं मी जिकनू कधी तेच माले कळाव नही."

दिपमाला फस्सकन हसली, नाक पुसत हसली. मग किरण हसला. नानांनी व्याह्याचा हात धरून त्यांना उठवलं.

"पुन्हा?" त्यांनी विचारलं.

"पुन्हा!" आबा गरजले. "पन आते टकटक ऐकू उनी ना, तं याही म्हनीसन हाक मारावू नही तुम्हले!"

सगळे परत पहिल्या टोकाला गेले. युसूफभाईंनी दुसरी चप्पलही काढून टाकली. भिकुबाईंना कुणी काय झालं ते नीट सांगितलंच नाही. त्यांनी फक्त व्याह्यांचा हसरा चेहरा पाहिला, देवाला हात जोडले आणि या वेळी डोळे उघडे ठेवून पदर खाली केला.

आबा जीव तोडून सुटले. खरंच जीव तोडून. पहिल्या वेळी त्यांनी एवढं पेडल मारलं नव्हतं, हे नानांना त्यांच्या पाठीवरून कळलं. त्यांना गाठायला नानांना अर्ध्याहून जास्त रस्ता लागला. बराच वेळ दोघं शेजारी शेजारी चालले होते, एक बसून आणि एक पडून, आणि दोघंही एकमेकांना अहिराणीत आणि लेवा बोलीत मनसोक्त शिव्या देत होते. मग उतार लागला. कापसाची शेतं पळाली, बाभळी पळाल्या, दिपमाला जवळ आली, दोन्ही हात हलवत उड्या मारत होती. नाना पेडल मारत होते, आणखी मारत होते, हुडात फक्त साखळीचा आणि त्यांच्या हसण्याचा आवाज होता. ते तिच्यासमोरून गेले, किरणच्या पसरलेल्या हातांसमोरूनही गेले, आणि तरी त्यांचे पाय थांबले नाहीत.

"अहो नाना, थांबा!" जावई मागे धावत ओरडत होता.

आबा रेषेवर थांबून, गुडघ्यांवर हात टेकून, दमून भागून बघत राहिले. हिरवं वांगं लहान लहान होत पारोळ्याच्या दिशेने चाललं होतं.

"हारनू!" ते सुनेला म्हणाले आणि लहान पोरासारखे टाळ्या पिटू लागले. "दिपमाला, दख वं, खरंखरं हारनू मी!"